छत तपासणी

तांडापेठेतल्या आमच्या स्लॅबवर
मे महिन्यात वाळत घातलेला पापड
उलटावा लागत नाही.
अर्जात हे लिहायला जागा नव्हती.

योजना अशी, की पेन्शनवाल्यांच्या छताला
पांढरा रंग सरकार देणार.
घरटॅक्सची पावती लावली, हयातीचा दाखला लावला.
सूत धरून धरून बोटं गुळगुळीत,
यंत्राला मी चौथ्या खेपेला जिवंत वाटलो.
शेजारचे कवडूजी म्हणाले, "होऊन जाते तुमचं, हेडाऊ."

तपासणीला पोरगी आली ती डिसेंबरात,
कानाला मफलर, काखेत फाईल.
जिना चढली, वाकून गच्चीला तळहात टेकवला.
"काकाजी, हे तर थंडगार आहे."

काय म्हणणार? होतंच.
आदल्या रात्री एका रजईत दोघं,
देवकानं पोटरीला पाय लावले
तर मी ओरडलो होतो.

पोरीनं रकान्यात काहीतरी लिहिलं,
पेन चालेना, फुंकर मारून मारून लिहिलं.
देवकानं आल्याचा चहा दिला,
कप दोन्ही हातांनी धरायला लावला,
मग म्हणाली,
"मे महिन्यात येजो बाई. जेवायलाच येजो.
बारा वाजता. वरतीच पान मांडतो.
चप्पल मात्र खाली काढजो."