छाटणीची तारीख

बेदाणा आला तो द्राक्षाच्या क्रेटमधून,
पिंपळगावहून, रद्दीच्या कात्रणांत,
मुठीएवढा, पिवळट, एक डोळा चिकटलेला.
भाऊ म्हणाला, शेवटचा माल भरताना सापडला, ठेव.

आता दर रविवारी मी त्याला
स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवते.
एक किलो सातशे चाळीस.
डॉक्टर गायखे म्हणतात, दोन किलो झाला की आणा.
पाच महिने, फार तर सहा. ताणू नका.
एकदा फवारायला लागला की सवय जात नाही.

फवारणी म्हटल्यावर मला भावाचा ट्रॅक्टर दिसला.
हसू आलं.
डॉक्टर हसले नाहीत.

खालचे कुलथे काका जिन्यात अडवतात,
"एकदा तरी होऊ द्या की त्याला बाप."
काकांना तीन मुलगे.
तिघांतला एक फोन करतो, दिवाळीला.

रात्री टाकीवर हवालदार येतो.
उजवा कान अर्धा, मान सुजलेली,
सगळं सिडको आपल्या नावावर असल्यासारखा रडतो.
ओरडतो म्हणायचं होतं.
बेदाणा जाळीला नाक लावून ऐकतो,
शेपटीचं टोक तेवढं हलतं.

त्याला विचारता येत नाही.
विचारलंच तर तो माझा अंगठा चावेल.
मला तरी कोणी विचारलं होतं?
सुधन्वा झाला, त्याच टेबलावर,
"आता आडवी आहेच, तर उरकून टाका,"
दाराबाहेरून सासूबाई.
सही यांची.
निर्णय बरोबर होता.
मी आजही तेच सांगते, कोणी विचारलं तर.

गुरुवारी केर काढताना चटईत दात सापडला,
तांदळाच्या कणीएवढा.
दुधाचा दात छपरावर फेकायचा असतो.
आमच्या वर स्लॅब, स्लॅबवर दुसऱ्याचा संसार.
कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला.

भावाचा फोन आला तो तारखेसाठीच.
ऑक्टोबरची छाटणी यंदा आठ दिवस आधी धरावी का?
आधी धरली तर पावसात डाऊनी,
मागं राहिली तर थंडीत मणी फुगत नाही,
आणि खरी तारीख कोणती होती
ते कळणार फेब्रुवारीत.
म्हटलं, वेलीला विचारतोस?
"वेल काय सांगणार. डोळा फुगला का बघायचं."
मग जरा वेळानं,
"हात मात्र दर वर्षी थांबतो बघ.
पहिल्या काडीपाशी."

आज रविवार.
बेदाणा काट्यावर बसला, शहाण्यासारखा,
पुढचे पाय जुळवून.
एक किलो नऊशे नव्वद.
म्हणजे अजून एक आठवडा, मी मोठ्यानं म्हटलं,
घरात कोणी नसताना.

मग दिसलं,
शेपूट बाहेर, ओट्यावर टेकलेली.

मी ती उचलली
आणि आत ठेवली.