दरोगा, इमारत कारखाना

हजेरीपटात तो पहिल्यांदा असा येतो:
चुन्याच्या घाण्यावर, बैलामागे, पोर एक. रोज दोन पैसे.
नाव नाही.

पुढे मैराळ गवंडी.
पुढे मैराळजी.
मग पालखी, छत्री, शिक्का;
बोटांच्या भेगांतला चुना तेवढा
शेवटपर्यंत निघाला नाही.

महालाचे सागवान चांद्याहून आले, त्याच्या सहीने.
हत्तीखान्याच्या फरशीला उतार दिला, त्याच्या सहीने.
शुक्रवारी तलावाचा घाट तिसऱ्या पायरीला खचला
तेव्हाही सही त्याचीच.
भर कचेरीत पागोटे काढून उभा राहिला,
गवंड्याचे नाव सांगितले नाही.

म्हातारपणी एकच हट्ट.
दिवाणखान्याला वळता जिना हवा,
शंखाच्या पोटासारखा,
चढणाऱ्याला आपलेच पुढचे पाऊल
कुठे पडणार ते कळू नये.
सरकार म्हणाले, जिना सरळ.
येणारा कोण, वरून दिसला पाहिजे.
मैराळजी म्हणाला, जी.

मी त्याचा कारकून. त्या सालचा खर्च मीच लिहिला:
मोरी, मुदपाकखान्यामागे, काळा दगड, घडाई जास्त.
विचारले, मोरीला एवढी घडाई?
लिहून टाक ना बाप्पा, म्हणाला,
आणि नाकात तपकीर ओढली.

तो गेल्यावर कधीतरी मागल्या अंगाला गेलो.
पंगतीच्या भांड्यांचे खरकटे पाणी
तीन वळणे घेत,
कडेला कुठे न आपटता,
मानकऱ्यासारखे सावकाश
नाग नदीकडे उतरत होते.

कचेरीत परत आलो, वही काढली,
बोरू बुडवला,
'जास्त' एवढे खोडले.