बाकी एक

अकरा नोव्हेंबर. पाळी रात्री अकराची.
हॅलिफॅक्सच्या चढावर बस घसरली,
मी गिरणीच्या दारात कार्ड सरकवलं तेव्हा
घड्याळात अकरा वाजून अकरा.
माझा नंबर एकशे अकरा.
ऑग्डन मुकादमाने पाव तासाचे पैसे कापले.
मी कार्डावर उमटलेली ओळ बघत उभा:
११ ११ ११ ११ १११.

इंग्रजीत वाचली तर मिलियन-बिलियनमध्ये ठेच लागते.
मराठीत म्हणा, मोठ्याने:
अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख
अकरा हजार एकशे अकरा.
आणि एवढ्या सगळ्या अकरांना
अकराने भाग जात नाही.
बाकी एक.

एनिड हार्डकॅसल गालिच्यांचे काठ शिवायची.
एके काळी गणिताची बाई; लग्न केलं म्हणून शाळेने काढलेली.
म्हणाली, याला भागणारी मूळ संख्या, असलीच तर,
बाविसाच्या पाढ्यात एक मिळवून मिळेल.
का, ते तिने दोन रात्री खडूने
लोकरीच्या खोक्यावर मांडलं. मला अर्धं कळलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत एक पायरी.
तेवीस: बाकी दहा.
पंचेचाळीस: मूळ नाही. चहा.
सदुसष्ट: बाकी अठरा.
एकोणनव्वद: बाकी सहा.

मला विचारायचे कंडक्टर, घरमालकीण, दातांचा डॉक्टर:
हो, पण मूळचे कुठले?
मिरजेचा, म्हटलं की पुढे काय विचारावं
हे त्यांना सुचायचं नाही.
घरी पत्रात लिहायचो, बाकी सर्व ठीक.
बाकी किती, ते लिहिलं नाही कधी.

चार वर्षं गेली. ऑग्डन गेला, दुसरा आला.
नऊशे चौऱ्याऐंशीव्या पायरीवर
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.
शेवटची वजाबाकी, खाली शून्य.
पुन्हा केली.
शून्य.
वर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस,
तोही मूळचाच; वेगळं तपासायला नको,
त्याला फोडू शकले असते ते सगळे
आधीच्या पायऱ्यांवरून हात हलवत परतले होते.

यंत्रं धडधडत होती. ओरडलो असतो तरी
कुणाला ऐकू गेलं नसतं.
एनिड तोवर ब्रिडलिंग्टनला, बहिणीकडे, समुद्राजवळ.
तिला कार्डावर दोन संख्या लिहून पाठवल्या,
मध्ये गुणिलेची फुली. खाली सही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं.
पुढच्या बाजूला गाढव आणि वाळू,
मागे एका ओळीत नुसते एक.
मोजले. एकोणीस.

त्या संख्येला भागच जात नाही
हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं.
पेन्सिलीला टोक केलं.
अडतीस, अधिक एक.
एकोणचाळीस: मूळ नाही.
चहा.