नव्वद कोटी

आनंदवाडी बंदरावर बर्फाची गाडी यायची आहे.
तोवर जाळ्यांच्या ढिगावर बसून
मुनाफ आणि हेरंब
पिक्चर पडला की चालला यावरून
आज तिसऱ्या दिवशीही भांडतायत.

"पयल्याच दिसाक नव्वद कोटी!"
"खोटा. सोमवारी थेटरात कुत्रा नाय."

आकडे दोघांनाही तोंडपाठ.
डिझेलची उधारी तेवढी
दोघांच्याही लक्षात नाही.

कणकवलीला शेवटच्या खेळाला
टॉर्चवाला धरून नऊ जण होते.
झगा फडफडवत तो ढगातून खाली आला
तेव्हा हेरंबची शिट्टी
आणि मुनाफचा घसा
एकदमच फुटला.
परतताना नांदगाव तिठ्याच्या अलीकडे
पेट्रोल संपलं,
तर काळोखात गाडी ढकलत
त्यानं जहाज कसं उचललं ते
आळीपाळीनं एकमेकांना सांगत राहिले,
दोघांनीही पाहिलेलं.

त्याबद्दल आता कुणी बोलत नाही.
कोटीच बोलतात.

पाट्या खंगाळता खंगाळता
द्वारकामावशीनं मान वर केली,
"नव्वद कोटीचो बांगडो किती येतलो रे?"

भांडण थांबलं.
हेरंबनं मोबाइलवर शून्यं मोजली,
चुकली, परत मोजली.
मुनाफ म्हणाला,
"मावशे, बारीक की मोठो?"