कोटांची खोली

खाण बंद झाली त्या वर्षी
आमच्या गल्लीतली अकरा पोरं डॉर्टमुंडला गेली.
मागे राहिलो आम्ही, कबुतरं
आणि खोकला.

महापौरबाई म्हणाल्या, इथे संगीतगृह होणार.
गेरार्ड हसला, हसता हसता त्याला ढास लागली.
"चुलीत नाही कोळसा, अन् म्हणे व्हायोलिन ऐका!"

मग आर्किटेक्ट आला वॉर्सातून. कोवळा. कोरे बूट.
आमच्या न्हाणीत मान वर करून उभाच राहिला.
छतापासून लोंबणाऱ्या चारशे साखळ्या,
प्रत्येकीला आकडा, प्रत्येकीला नंबर.
कपडे अडकवायचे, वर खेचायचे, कुलूप घालायचं;
पाळीभर माणसं जमिनीखाली
आणि त्यांचे सदरे छताशी.

मी म्हणालो, गंजलंय हो सगळं.
तो म्हणाला, असू दे.
त्या 'असू दे'वर मी इथे नोकरी धरली.

आता काचेची भिंत आहे, बर्चच्या लाकडाचं सभागृह,
आणि आम्ही उतरायचो तिथूनच
लोक उतरतात, हळू आवाजात बोलत.
मी कोट घेतो, पितळी बिल्ला देतो.
फरचे, लोकरीचे, बर्फाने ओले कोट
साखळीला लावून वर खेचतो.
हाताला वजन अजून कळतं.

दोनशे बारा कुणालाच देत नाही.
रुफीनचा सदरा तीन दिवस वर होता,
उतरवायला कुणी धजेना.
साहेबांना सांगितलंय, कप्पी अडकते.

ट्रूडाची बेकरी पुन्हा उघडली. रविवारी रांग असते.
खिडक्यांच्या चौकटी पुन्हा लाल रंगवल्या,
पाहुणे त्यांचे फोटो काढतात.
भाडंही वाढलं.
गेरार्ड शहराबाहेर गेला, सातव्या मजल्यावर,
कबुतरं विकून.
हेही कुठेतरी लिहून ठेवा,
उद्घाटनाच्या पाटीवर जागा नव्हती.

परवा दार किलकिलं राहिलं होतं.
आतून चेलोचा एकच खालचा सूर आला, लांबलचक,
पाळणा खाली सुटताना दोर करायचा तसा.
मी भिंत धरली.
चांगलं वाजवत होते की वाईट,
मला नाही कळत.

रात्री मुलाचा फोन. विचारलं त्याने,
तिथे आता आहे तरी काय?
मी म्हटलं, आहे.
काय, ते सांगता येईना.
म्हटलं, शनिवारी एकशे नव्वद कोट होते.