रात्रपाळीतली तडिता

तडिता माझी नाही.
दोनशेव्या भागाला बंद पडलेल्या मालिकेतली ती.
तिकडे कुणी तरी हात झटकले
अन् ही बाई उभीच राहिली काळ्या पुलावर,
तर्जनी वर करून.

मी तिला सबस्टेशनात घेऊन आलो.
दर तासाला लॉगबुकात व्होल्ट अन् अँपिअर,
मधल्या वेळात जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानांवर ती.

पहिल्याच रात्री घोळ झाला.
तिच्या बोटात एवढी ताकद
की दुसऱ्या ओळीत राक्षस राख.
तिसऱ्या ओळीत काय लिहू?
ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता,
तारेपलीकडे तुरीत रोही शिरले होते,
चहा गार व्हायच्या आत माझी गोष्ट खतम.

तोड भिंतीवरच चिकटवलेली होती.
शेतीचा फीडर: सोम ते गुरू रात्री,
शुक्र ते रवी दिवसा.
मी तडितेलाही भारनियमन लावलं.
आता ती पुलावर पोचते तेव्हा
नेमकी शुक्रवारची रात्र.
सकाळपर्यंत राक्षसाशी बोलत बसावं लागते.
त्याची दाढ दुखते, हे तिला तेव्हा कळलं.
मलाही तेव्हाच.

सुगंधा आत्राम, आठवीतली,
शाळेत जाता जाता फाटकाशी सायकल टेकवून वाचते.
"काका, एकसष्ट दिवस झाले, ते जेवली कवा?"
"मागं तं हिनं देवळातून वीज उसनी घेतली होती.
परत केली का?"
दोन पानं फाडावी लागली.
एकदा म्हणाली,
"आन तिची वीज बंद असतानी
कोनं जनरेटर लावलं तं?"
मी हसलो नाही. डायरी मिटली.

तिचा बाप वारलू, आमचा लाइनमन.
फीडर मीच बंद केला होता. परमिट होतं,
हँडलला लाल पाटी होती.
माझ्या हाताखाली बावीस गावं, सगळी काळोखात,
अन् कुण्या लग्नाच्या मांडवातून
उलटी वीज आली तारेत.

म्हणून चोवीसावा भाग मी तिच्यासाठी लिहिला.
तडिता सात आठवडे एक ठिणगीही खर्च करत नाही.
मग पुलावर पडलेल्या तारवाल्याच्या छातीला
हात लावते.
तो उठतो, पाणी मागतो.
लिहिताना तीनची नोंद राहून गेली.

सुगंधानं ते उभ्यानंच वाचलं.
कंपासमधून पेन काढून
शेवटच्या अर्ध्या पानावर तिरपी रेघ ओढली.
"हे नको.
असं केलं तं तो मेलाच नोव्हता, असं होते.
मंग माह्या मायनं दोन वर्सं
जे काढलं, ते काय होतं?"
घंटेला उशीर होत होता.
पायडलवर पाय ठेवून, मागं न पाहता,
"त्याच्याहून तिले त्याची शिडी सापडू द्या."

आज पुन्हा शुक्रवार.
तीनची नोंद वेळेवर केली.
पुलाखाली शिडी सापडली आहे, बांबूची,
चौथी पायरी सुतळीनं बांधलेली.
ती कशाला कामी पडणार, मला माहीत नाही.
तडितेलाही नाही, अन् सकाळला अवकाश आहे.
राक्षस गालाला फडकं बांधून उठला,
म्हणाला,
चढ तू, मी धरतो.