सहा मिल

मिल म्हणजे गिरणी नव्हे, आईला फोनवर सांगितलं,
भोंगा नाही, साचे नाहीत.
डॉलरचा हजारावा भाग.
घराची जी किंमत कर लावायला धरतात,
तिच्या दर हजारामागे सहा डॉलर
राज्यातल्या कॉलेजांना.
"म्हणजे घरपट्टीच की," आई म्हणाली
आणि भाजीचं बोलू लागली.

दहा वर्षांतून एकदा मोंटाना विचारतं,
ठेवायचे का हे सहा?
यंदा मलाही विचारलं.
नागरिकत्वाच्या कागदाला अजून घडीसुद्धा पडलेली नाही,
आणि हॅव्हरमधल्या या तळघराच्या दारात
मतपत्रिका टपालाने हजर.

वर आर्डिस क्वामी राहते. त्र्याऐंशी पूर्ण.
घर तिचं. तळघर माझं, महिना सहाशेला.
तिच्या नजरेच्या मध्यभागी आता धूर आहे,
जग कडेकडेनंच दिसतं.
म्हणून तिची मतपत्रिका वाचायची मी.
"वाच," ती म्हणाली, "पण मास्तरणीच्या आवाजात नको.
कागदाच्या आवाजात वाच."

बारीक अक्षर. श्वासाला जागा न ठेवणारं वाक्य.
मध्येच गव्हाची मालगाडी आली,
ती संपेपर्यंत थांबलो.
"एकशे आठ," आर्डिस म्हणाली. डबे ती कानाने मोजते.

टेकडीवरच्या कॉलेजात मी
डिझेल इंजिन शिकणाऱ्या पोरांना अपूर्णांक शिकवते.
तिला ठाऊक आहे.
"तुझा पगार माझ्या छपरातून निघतो
आणि माझं भाडं तुझ्या पगारातून."
हसली. मग वही काढायला लावली.
यंदाची घरपट्टी. गेल्या सालची.
त्याआधीच्या सगळ्या, ऑर्व्हिलच्या तिरक्या अक्षरात.
ऑर्व्हिल वेल्डिंग शिकला तो त्याच टेकडीवर,
जिन्याचा कठडा त्याच्याच हातचा.
वाटलं, आता ती हो म्हणणार.
गोष्टी वाचायची सवय वाईट.

"नाही. नाहीचा गोल भर."

पेन माझ्या हातात.
तिला मधलं दिसत नाही,
आणि दोन्ही गोल पानाच्या मधोमध.
हे मला सुचलं, एवढं लिहून ठेवते.
किती वेळ सुचत राहिलं, ते नाही लिहीत.
मग भरला, काठाला काठ लावून.
पेपरात कुणाला शून्य देतानाही
इतका नीट काढत नाही.
तिचं बोट धरून सहीच्या रेघेवर टेकवलं.

खाली येऊन माझी भरली. हो.

सकाळी तिच्या जुन्या ब्यूकमधून कोर्टात गेलो,
मी चालवत, ती रस्ता सांगत:
कधीच्या पाडलेल्या दुकानापाशी डावीकडे.
पेटी एकच. तिचं पाकीट, वर माझं.
आमच्यापुरती बेरीज शून्य,
आणि तेवढ्यासाठी दोघींनी
कानटोप्या घालून, घसरत, एकमेकींना धरत
बर्फातल्या पायऱ्या चढलेल्या.

परतताना म्हणाली, कठड्याचा एक सांधा हलतोय.
तुझ्या पोरांतला एखादा पाठव.
पैसे देईन.

पाठवते, म्हटलं.
मतं मोजायला अजून चार दिवस होते.